वलीच्या हॉटेलातला बाक आणि माझा तिसरा हिस्सा

बिस्मिल्ला करून लिहिते. मी, ताहेरुन्निसा नसरुद्दीन परकार, वय ४४, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, मूळची दापोली तालुक्यातली, सध्या राहणार बिन महमूद, दोहा, कतार. माझी अक्कल ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आमचे हे "एवढी घाई कशाला?" म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात भाऊ खलील याच्यासोबत मी हजला निघते आहे. यांना रजा नाही. निघण्याआधी वसियत लिहावी आणि ज्याच्याशी मन वाकडे असेल त्याची माफी मागावी, ही आपली रीत. माफीच्या कामात आता एकच बाई उरली आहे.

१. माझ्या मिळकतीच्या तीन हिश्शांपैकी दोन शरियतप्रमाणे वारसांना जावेत. त्यात माहेरच्या घरातला माझा वाटा आणि बांगड्या धराव्यात. माझी मुलगी नजमा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला "ओके मम्मी" एवढेच उत्तर देते, म्हणून लिहून ठेवते: बांगड्या मोडून नव्या घाटाच्या करू नयेत. घडणावळ फुकट जाते. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यापुरताच माझा हात मोकळा आहे; त्याची वाटणी खालीलप्रमाणे.

२. शिवणयंत्र खलीलच्या बायकोला, इथेच पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या हजराला. तिने ते उन्हात ठेवू नये आणि शेजारणींना देऊ नये.

३. बिर्याणीचा मोठा टोप मशिदीच्या इफ्तारीसाठी. तो वलीच्या हॉटेलात जाऊ नये. उसनासुद्धा नाही.

४. हे हॉटेल आमच्या गल्लीत लाँड्रीच्या मागे आहे. चार बाक, एक टेपरेकॉर्डर आणि सुलेमानी चहाचा बंब. क्रेनवाले, प्लंबर, ड्रायव्हर, आमच्या यांच्यासारखे कारकून, सगळे मगरिबच्या नमाजानंतर तिथे. साताऱ्याकडचा बाजीराव क्रेनवाला आणि दापोलीचे आमचे हे एकाच बशीतली भजी खातात. तिथे चहापेक्षा कडक काही मिळत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. तरी माणसे घरी परततात ती चढल्यासारखी. भिंतीकडची जागा यांची. तिथे दुसरा बसला तर वली त्याला उठवतो. आमच्या घरात यांची अशी एकही जागा नाही. जेवतात, "बरंय" म्हणतात आणि उठतात.

आत रांधते वलीची बहीण मैमुना. बेवा आहे, चाळिशीची, आणि तिला खळखळून हसता येते. तिचे कालवण दाट असते, असे हे दोनदा म्हणाले. भावाच्या नारळावर कोणाचेही कालवण दाट होईल. माझ्याकडे एक नारळ तीन दिवस पुरवावा लागतो.

५. मी हजवरून परतले नाही, तर यांनी हजराकडे जेवावे. वलीच्या हॉटेलात पाऊल टाकू नये. त्यांनी दुसरे लग्न करू नये असे मला लिहिता येत नाही. तो त्यांचा हक्क आहे. परंतु कोणाशी करू नये, हे समजण्याइतके ते शहाणे आहेत.

इथवर बुधवारी लिहिले.

६. काल, गुरुवारी, मन घट्ट करून माफी मागायला गेले. मागच्या दाराने शिरले. मैमुनाने तांदळाच्या पोत्यावर बसवले. मी म्हटले, "मैमुना, माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर." ती म्हणाली, "तुमचं काय चुकणार भाभी? तुम्ही कधी आलातच नाहीत." हा टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

तेवढ्यात पडद्यापलीकडे बाजीराव ओरडला, "नसरुद्दीनभाई, यल्ला, ती मासळीबाजारवाली होऊन जाऊ द्या!" आणि माझाच आवाज आला. हुबेहूब! "पहले मुंडी काटो, फिर तोलो! अरे, मुंडी का पैसा क्यों देगी मैं? तोलना नहीं, लेकिन थैली में डालना!" बाक हलले इतके लोक हसले. कोणी म्हणाला, "वहिनींपुढं त्या इराणी मासेवाल्याचं काय चालणार!" आमचे हे म्हणाले, "अरे, त्यानं सुरमईपण दिली आणि सलामपण केला."

तेवीस वर्षांत या माणसाने माझ्यासमोर असा आवाज काढलेला नाही. मी इथे खरी असताना मला "बरंय", आणि माझी नक्कल चार बाकांना! मैमुना तर डोळे पुसत होती. माझ्या नवऱ्याचे हसू, तेही माझ्यावरचे, ते तिला रोज मिळते. मला ते पोत्यावर बसून ऐकावे लागले.

रात्री मी कालवण वाढले. हे म्हणाले, "बरंय."

तरी विचार केला. मी गेल्यावर हजराच्या घरी हा माणूस गप्प बसून वाळेल. म्हणून कलम ५ मधील हॉटेलबंदी मी रद्द करते. त्यांनी तिथे जावे, त्यांच्या जागी बसावे. मात्र माझी नक्कल बंद करावी. मेलेल्या बाईला उलट बोलता येत नाही.

७. साक्षीदारांबाबत. एका पुरुषाबरोबर दोन बायका लागतात. पुरुष शोधावा तर सगळे त्याच बाकांवरचे, म्हणून खुद्द वली. बायकांत वरच्या मजल्यावरची रुकैया, आणि मराठी वाचणारी दुसरी गल्लीत मैमुनाच. तिने सगळे वाचले. टोपाचे वाचले, कालवणाचे वाचले. सहाव्या कलमाशी तिने पेन खाली ठेवला.

"भाभी, हे एवढं खोडा."

"का गो?"

"मग ते बोलतील काय? तुमच्याशिवाय त्यांच्याकडं दुसरी गोष्टच नाही. आम्ही दुसरं काही सांगा म्हटलं, तरी फिरून तुमच्यावरच येतात."

मी तिच्याकडे निरखून पाहिले. खोटे बोलत नव्हती.

खाडाखोडीची नोंद: कलम ६ मधील "मात्र माझी नक्कल बंद करावी" हे शब्द मी साक्षीदारांसमक्ष स्वतःच्या हाताने खोडले आहेत. नक्कल चालू ठेवावी. त्या वेळी मैमुनाने हसताना तोंडावर ओढणी धरावी.

सही: ताहेरुन्निसा नसरुद्दीन परकार

साक्षीदार: १. वली २. रुकैया ३. मैमुना (ओढणीची अट वाचली, कबूल नाही)

मुक्काम दोहा, शुक्रवार, २६ ऑगस्ट १९८३