इथे भोपळा नावाचं कोणी नाही

प्रिय रंध्या,

कागदावर तुला पहिल्यांदाच लिहितोय. पत्ता तूच मागे दिला होतास, ‘इकडे आलास तर थेट वर्कशॉपवर ये’ म्हणून. खेळाच्या चॅटमध्ये लिहायला बसलो की माझी बोटं आपोआप थट्टेकडे वळतात आणि तूही लगेच टाळी देतोस. आज तसं व्हायला नकोय. जोड्यांच्या स्पर्धेत आपण अंतिम फेरीत पोचलो हे कळल्यावर तू आनंदाने नुसती हातोड्यांची चित्रं पाठवत सुटलास, आणि मी एक अंगठा पाठवून गायब झालो. तेव्हापासून विचारतोयस, काय झालं? सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल.

मोबाइलवरच्या या पत्त्यांच्या खेळात आपली ओळख झाली तेव्हाची माझी डेक आठवते? खेळायला निवडलेल्या तीस पत्त्यांत निम्मे राक्षस आणि ड्रॅगन. सगळे महागडे, सगळे दांडगे. त्यांना उतरवण्याइतकी शक्ती माझ्याकडे साठेपर्यंत समोरचा मला झोपवून मोकळा व्हायचा. तूही तसंच हरवलंस आणि वर लिहिलंस, ‘भाऊ, कपाट दिसायला भारी आहे, पण पाय बसवायचे राहिलेत.’ राग यायला हवा होता, मी एकटाच हसत बसलो. मग कळलं की तू खरोखरचा सुतार आहेस. एकेक राक्षस काढून तिथे आपण छोटे पत्ते बसवले, कुंपण, मशालवाला, पखालवाला. नावाड्यावरून तर आठवडाभर भांडलो. तो स्वतः लढत नाही, फुंकर मारली तरी मरतो, फक्त जाता जाता आणखी एक पत्ता हातात आणून देतो. ‘असला नेभळट मी ठेवणार नाही,’ मी म्हणालो. ‘एक डाव ठेवून बघ, नाही जमलं तर मला शिव्या घाल,’ तू म्हणालास. शिव्या घालायची वेळ आली नाही. पुढे कुठला पत्ता ठेवायचा आणि कुठला काढायचा यावरून आपण जितकं बोललो, तितकं मी सख्ख्या भावाशीही बोललेलो नाही.

पण तिथे बोलणारा मी वेगळाच होतो. तुला सांगितलं होतं की पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसतो, खेळातल्यासारखंच तिथेही सगळे मला भोपळाच म्हणतात, आलास तर नुसतं नाव विचार, कोणीही दाखवेल. खरं म्हणजे तिथे मला साहेब म्हणतात. मी आत आलो की बोलणं थांबतं. मी खेळतो हे बायकोशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि तिलाही मी बजावून ठेवलंय. या वयाच्या माणसाने मोबाइलवर ड्रॅगन पाळावेत हे काही बरं दिसत नाही. तुला तसं का सांगितलं? मला तसं ऑफिस हवं होतं, एवढंच. तुलाही मी कितीदा चिडवायचो, ‘एकदा फोन तरी कर, का आवाजाला पण रंधा मारायचा राहिलाय?’ तू दरवेळी विषय बदलायचास. मला वाटायचं, लाजतोस.

मग तू त्या हॉटेलच्या फर्निचरचं काम घेऊन आमच्या शहरात आलास. भेटू म्हणालास, मी ‘बघू, कामाचा डोंगर आहे’ म्हणून टाळलं. नंतर तुझा निरोप आला : ‘ऑफिसात येऊन गेलो. तू नव्हतास. तुमचे साहेब मात्र सज्जन, बसायला खुर्ची दिली, पाणी पाजलं.’ मी लिहिलं, ‘अरेरे, नेमका रजेवर होतो!’

मी रजेवर नव्हतो, रंध्या.

त्याच सकाळी एक कारकून कामाच्या वेळेत मोबाइलवर खेळताना सापडला होता आणि मी त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं होतं. दुपारी मी काउंटरपाशी एका बाईंची तक्रार ऐकत उभा होतो. तू आलास. बाहीवर भुसा, काखेत पिशवी. म्हणालास, ‘इथे भो... भो...’ आणि शब्द अडकला. तू डोळे मिटलेस, बोटांनी काउंटरवर ठेका धरलास, तरी तो सुटेना. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, ‘भोंगा हवाय का?’ लोक हसले. तूही त्यांच्याबरोबर हसलास आणि पुन्हा प्रयत्न केलास. ‘भोपळा म्हणून क-कोणी आहे का? माझा मि-मित्र आहे.’ अख्खं ऑफिस हसत सुटलं. सकाळचा तो कारकूनही हसला आणि मी काय करतो म्हणून माझ्याकडे बघायला लागला.

तुझ्या तोंडून निघत नव्हता तो शब्द मला ठाऊक होता. तुझ्यासाठी तो पुरा करता आला असता. मी साहेबाच्या आवाजात म्हणालो, ‘इथे भोपळा नावाचं कोणी नाही. तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात.’ तुला मी तुम्ही म्हणालो. तू उलट माझीच माफी मागितलीस. मग मी शिपायाला खुर्ची आणि पाणी आणायला सांगितलं आणि तू जाईपर्यंत आत फायलींच्या रॅकमागे उभा राहिलो.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, नावच तसलं, कुणालाही लाज वाटली असती. ते खरं नाही. मला तुझी लाज वाटली. तू बोलत होतास तसं बोलणारा माणूस माझा मित्र आहे हे त्या लोकांना कळायला नको होतं. आणि वर तू मला सज्जन म्हणालास. ते वाक्य मला अजून नीट वाचता येत नाही.

काल मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशी आलेला माणूस माझा मित्र आणि भोपळा मीच. हसले असते तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. तो कारकून तेवढा हळूच म्हणाला, ‘मग साहेब, तुम्ही त्यांना ओळख का नाही दिलीत?’ मी ‘कामाला लागा’ म्हणालो.

अंतिम फेरीला दोघांनी एका मंचावर शेजारी बसायचंय. तू लिहिलंस, ‘आता तरी तोंड दाखवशील!’ ते तोंड तू पाहिलेलं आहेस. पाठदुखीचं निमित्त करून मी माघार घेणार होतो, तसा निरोप लिहून पुसलाही. काही न सांगता नुसतं यावं, तर मला तू कळतोस. तिथे अचानक मला पाहून तू क्षणभर थबकला असतास आणि मग हसून सगळं सांभाळून घेतलं असतंस, आणि मी तुझ्या त्या चांगुलपणाच्या आड जन्मभर आरामात बसलो असतो. ती सोय मला नको, म्हणून हे आधीच लिहिलं. भरपूर राग धर. दुसरा जोडीदार घ्यायचा असेल तर डेक तुझीच आहे, आयोजकांना मी तसं कळवीन. आणि यायचं ठरवलंस तर मी स्पर्धेच्या हॉलच्या दाराबाहेर उभा असेन. तुला कुणालाच काही विचारावं लागणार नाही. हाक मी मारीन.

तुझाच,
भोपळा