गंगेकाठचं रान सागरी पथकाच्या नावे

लिहून ठेवणार मी, पार्वतीबाई भ्र. भगवानराव मुरकुटे, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी खानावळ, आता काही नाही, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी भुलवलं नाही. मात्र गेल्या भाद्रपदात जे कानांवर पडलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, आणि ते सांगितल्याशिवाय खालची कलमं कुणाला उमगणार नाहीत.

महालक्ष्म्यांचं निर्माल्य सोडायला मी घाटावर गेले होते. सोबत मुलगा महारुद्र आणि सून सविता. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, भरून चालली होती. शेवाळावरून पाय सरकला आणि मी आत गेले. मला बाहेर काढलं सागरी छात्र पथकाच्या पोरींनी. सणावाराला त्या दोर घेऊन घाटावर उभ्या असतात. कॉलेजात शिकणारी बबिता गौतम साळवे हिनं कमरेला दोर बांधून उडी घातली, बाकीच्यांनी आम्हा दोघींना ओढलं.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पापणी हलत नव्हती, पण कान जागे होते. बबिता माझी छाती दाबत मोठ्यानं आकडे मोजत होती, मधेच तोंडाला तोंड लावून श्वास भरत होती.

सविता म्हणाली, "पाटल्या आताच काढाव्या लागतील. हात सुजल्यावर निघायच्या न्हाईत."

महारुद्र म्हणाला, "काढ."

मग तो बबिताला म्हणाला, "सोड पोरी, गेली ती. कशाला हाल करायलीस?"

"दादा, मागं सरका. मी थांबणार न्हाई."

मनगट एकीकडं ओढलं जात होतं आणि छातीवर दाब पडत होता. मग मला ठसका लागला, पाणी ओकले. डोळे उघडले तेव्हा एक पाटली सविताच्या मुठीत होती. माझ्याकडं बघून ती किंचाळली. महारुद्र रडत होता, हेही खरं.

कलम पहिलं. राहतं घर महारुद्रला. गेलेल्याच्या अंगावरचं काढतात, ही रीतच आहे. सासूबाईंच्या अंगावरचं मीच उतरवलं होतं. म्हणून घर त्याच्याकडून हिरावत नाही. पण मी गेले नव्हते.

कलम दुसरं. दोन्ही पाटल्या सविताला. एक तिनं काढलीच होती, दुसरीही घ्यावी. रागानं देत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

कलम तिसरं. खानावळीच्या कमाईतून मी स्वतः घेतलेलं गंगेकाठचं वांग्यांचं रान, त्यात इतर कुणाचा हिस्सा नाही, ते गोदाकाठ सागरी छात्र पथक या नोंदणीकृत संस्थेला. तिथं होड्यांसाठी शेड बांधावी. नौदलातून निवृत्त झालेले नागेश रेंगे यांनी पथक काढलं तेव्हा "परभणीत समुद्र कुठला?" म्हणून सगळा बाजार हसला, मीही हसले. पूर्वी दर साली घाट कुणाला तरी घ्यायचा. पथक आल्यापासून कुणी गेलं नाही. ऊसतोड्यांची लेकरं तिथं पोहायला शिकली. घरात मान वर न करणाऱ्या पोरी घाटावर मोठ्या माणसांना मागं सरका म्हणतात, आणि माणसं सरकतात.

दवाखान्यात मी बबिताला विचारलं, "सगळे गेली म्हणायले होते. मी हाय, हे तुला कसं कळलं?"

ती म्हणाली, "कळलं नव्हतं, मावशी. मला बी तुमी गेल्यासारख्याच वाटल्या. पण रेंगे सरांनी शिकवलंय, डॉक्टर येईस्तोवर थांबायचं न्हाई."

हे ऐकून मला पुन्हा धक्का बसला. आशा नसतानाही ती दाबत राहिली होती. म्हणून रान पथकाला. अट एकच: येणाऱ्या लेकराला जात विचारू नये, फी मागू नये. आणि तिथं मंगल कार्यालय तर मुळीच बांधू नये.

कलम चौथं. खानावळीच्या दोन डेगा आणि पराती पथकाच्या शिबिराला. डेगेत भात खाली लागतो, आच मंद ठेवावी.

कलम पाचवं. "तोंड लावू देऊ नका, पोरगी कुणाची हाय बघा तरी," असं घाटावर एक जण म्हणाला. त्यानं माझ्या तिरडीला खांदा द्यायचा नाही. नाव लिहीत नाही, त्याला माहीत आहे.

या सगळ्याची अंमलबजावणी माझी भाची राजेश्री हिनं करावी. आधीचं कोणतंही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावं.

शेवटचं महारुद्रसाठी. मी गेले असं ज्या दिवशी तुला वाटेल, त्या दिवशी आधी डॉक्टरला बोलव. तो येईस्तोवर माझा हात धरून बस आणि माझ्याशी बोल. काहीही बोल, पण जपून बोल, बाळा. ऐकू येतं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) पार्वतीबाई भ. मुरकुटे

साक्षीदार, आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. डॉ. दिनकरराव देशमुख, गंगाखेड
२. रुख्मिणी पंडित जाधव, शिक्षिका, राणीसावरगाव

स्थळ: गंगाखेड
दिनांक: १९ जानेवारी २०२६