बापाने मागून घेतलेला नियम

प्रिय भिंगरी,

तुझा फोन येऊन गेला त्याला बरेच दिवस झाले. आई आणि बाबा दोघांची परवानगी असल्याशिवाय मठातल्या थोरल्या भिक्खुणी दीक्षा देणार नाहीत, असं तू सांगितलंस, आणि मी ‘बघू’ म्हणून फोन आईच्या हातात दिला. त्यानंतर आपण हवापाण्याचं बोललो, तुझ्या खोकल्याचं बोललो, पण त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. तू तिशी ओलांडलेली बाई. चांगली बँकेतली नोकरी सोडलीस तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतंस, आणि आता डोक्यावरचे केस उतरवायला आमची परवानगी लागते, याचं मला आधी हसूच आलं. मग ते हसू गेलं. तुझं हे नाव मीच ठेवलं होतं, कारण लहानपणी तुला एका जागी बसवणं तुझ्या बापाला, म्हणजे मलाही, जमायचं नाही. ती तू आता तासन्‌तास डोळे मिटून बसतेस म्हणे. आईला अजून ते खरं वाटत नाही.

संग्रहालयात शाळेच्या मुलांना दालनं दाखवायचं माझं तेच काम चाललंय. पहिल्या दालनात हिंदू मूर्ती, दुसऱ्यात बौद्ध, मध्ये दार आणि दारात मी. पहिल्या दालनात सांगायचं की या धर्माचा कुणी एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही, तो कुठून कुठून येऊन मिळत मोठा झाला. मंत्र पिढ्यान्‌पिढ्या कानांनी ऐकून पाठ केले, लिहून ठेवले फार मागाहून. आधी यज्ञ होते, मग माणसं विचारू लागली की या सगळ्यामागे आहे तरी काय, आणि त्यातून आत्मा, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष. मग दार ओलांडायचं. त्याच मातीत, तेच प्रश्न घेऊन एक राजपुत्र घराबाहेर पडला आणि म्हणाला, यज्ञाने काही होत नाही, दुःख कुठून येतं ते बघा आणि हव्यास सोडा. सुट्टीत तू माझ्याबरोबर यायचीस तेव्हा हे सगळं तुला तोंडपाठ होतं, माझं वाक्य माझ्याआधी तूच पुरं करायचीस. मला केवढा अभिमान वाटायचा. आता वाटतं, जरा कमी रंगवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दाराजवळचा दिव्यांचा नकाशा आठवतो ना? बटण दाबलं की आधी मधला एक दिवा लागतो, मग व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर डोंगरांपलीकडे, गलबतांबरोबर समुद्रापार, एकेक करून बाकीचे. पिवळे हिंदू, निळे बौद्ध, आणि दूरच्या बेटांवर दोन्ही रंग शेजारी शेजारी. मुलं टोकाच्या दिव्यांकडे बघत राहतात. मधला सगळ्यांत आधी लागतो आणि शेवटपर्यंत चालू असतो, म्हणून सारखा तोच जातो. परवा पुन्हा शिडीवर चढून तो बदलत होतो. तेव्हा सम्राटाच्या त्या मुलीची गोष्ट आठवली, जी भिक्खुणी होऊन बोधिवृक्षाची फांदी घेऊन बेटावर गेली. ती फांदी जहाजावर ठेवायला बाप गळाभर पाण्यात उतरला होता, असं सांगतात. एवढी वर्षं मी ही गोष्ट मुलांना सांगतोय, पण कधी डोक्यात आलं नाही की धर्म पसरला म्हणजे कुणाची तरी पोरं घर सोडून गेली आणि परत आली नाहीत. खालून पहारेकरी विचारत होता, साहेब, उतरताय ना.

दुसऱ्या दालनातल्या कोपऱ्यातली ती झिजलेली शिळाही हल्ली मला सोडत नाही. बुद्ध गावी परत आलेला, समोर बायको, चिमुकला राहुल, आणि मागे म्हातारा राजा शुद्धोदन. राहुल बापाकडे वारसा मागतो, आणि वारसा म्हणून त्याला दीक्षाच मिळते. इथवर सांगून मी पुढच्या मूर्तीकडे वळायचो. हल्ली वळवत नाही. कारण त्यानंतर म्हातारा बुद्धाकडे गेला. आधी तू गेलास, मग तुझा धाकटा भाऊ गेला, आता नातूही नेलास, पोरांची माया हाडापर्यंत कापत जाते, म्हणाला. यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाच्या लेकराला दीक्षा देऊ नकोस, एवढं एकच त्याने मागितलं, आणि बुद्धाने ते मान्य केलं. सगळी माया सोडायला सांगणाऱ्या धर्मात एक नियम बापाच्या मायेसाठी झाला. तुझा फोन आला तो त्या म्हाताऱ्यामुळे. त्याला विचारलं गेलं नव्हतं, मला निदान विचारलंय, आणि विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं.

आईचं डोकं वेगळंच चालतं. एकदा शिवता शिवता मशीन थांबवून तिने विचारलं की बौद्धांत आत्माच नाही म्हणतात, मग पुन्हा जन्माला येतं कोण. मी एका दिव्याने दुसरा दिवा लावण्याचं उदाहरण दिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि मग मुद्द्याचं विचारलं, पुढच्या जन्मी ही माझ्या पोटी येणार की नाही. मग तीच मला तिच्या लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगू लागली. पुढे मोठा आचार्य झालेल्या लहानग्या शंकराला संन्यास घ्यायचा होता आणि विधवा आई हो म्हणेना. नदीत मगरीने त्याचा पाय धरला, तेव्हा तो ओरडला की संन्यासाला हो म्हण म्हणजे ही सोडेल. आई हो म्हणाली, पण मी मरेन तेव्हा यायचं, असं वचन घेतलं. संन्याशाला घरादाराचा संबंध नसतो, तरी तो आला आणि त्याने आईला अग्नी दिला. म्हणजे माझ्या दोन्ही दालनांत शेवटी आईबापांना विचारावंच लागतं. गोष्ट संपवून आई डोळे पुसत म्हणाली, “हिने बिचारीने मगर आणली नाही. सरळ विचारलं.”

तर भिंगरी, हे पत्र म्हणजे ती परवानगी आहे. थोरल्या भिक्खुणींना दाखव. आम्ही दोघं, तुझे आईबाबा, तुला दीक्षा घ्यायला राजीखुशीने परवानगी देतो. ‘राजीखुशीने’ हा शब्द आईचा, मी नुसतं ‘देतो’ लिहिणार होतो. मला तू हवी आहेस, इथे, या घरात, आणि तरीही देतो. त्याखाली एक अट लिहिली होती, शंकराच्या आईने घातली तीच. काल आईने ती वाचली आणि म्हणाली, “खोडा ते. मेल्यावर येऊन काय करायचंय? जिवंतपणी जेवायला ये म्हणावं.” बुद्धसुद्धा परत आला तेव्हा बापाच्याच गावात पात्र घेऊन दारोदार फिरला होता, हे तिने माझ्याकडूनच ऐकलंय. तेव्हा तूही पात्र घेऊन आपल्या दारात उभी राहा, कधीही, न कळवता. दुपार झाल्यावर तुम्ही भिक्खुणी जेवत नाही, हेही तिने चौकशी करून ठेवलंय. आपल्या घरी कधी वेळेवर जेवण झालेलं तुला तरी आठवतं का? पण गेले काही दिवस सगळा स्वयंपाक दुपारच्या आत तयार असतो, आणि मी भूक नसताना मुकाट्याने जेवायला बसतो. आतापासून सवय हवी, म्हणते.

तुझाच,
बाबा

(शेजारची वाकडी सही आईची. मशीन थांबवून केली तिनेच.)