सोमारी हलामी हिचा प्रकल्प पुन्हा स्वीकारण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष,
वाङ्मयचौर्य चौकशी समिती,
वैनतीर महाविद्यालय, ता. आरमोरी

विषय : कु. सोमारी इसरू हलामी (बी.ए. अंतिम वर्ष) हिच्यावरील परीक्षाबंदी उठविणेबाबत.
संदर्भ : समितीची जानेवारीतील बैठक.

महोदय,

अर्जदार प्रा. संघप्रिया, मराठी विभाग, सदर समितीची सदस्य असून सविनय नमूद करते की,

१) कु. सोमारीने गतवर्षी 'आमच्या गावचा तलाव' हा प्रकल्प स्वहस्ते लिहिला. त्यात 'पानी आटलं का मासे चिखलात जाऊन झोपते' अशी वाक्ये होती. बाह्य परीक्षकांनी 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारून तिला अनुत्तीर्ण केले.

२) यंदा तिने त्याच विषयावर प्रकल्प दिला. संगणकीय तपासणीत तो जवळजवळ संपूर्ण इंटरनेटवरील निघाला. त्यात तलावावर नौकाविहार व उपाहारगृह असल्याचा उल्लेख आहे. तिच्या गावच्या तलावावर म्हशी बसतात.

३) तिला बजावलेली नोटीसही कार्यालयाने इंटरनेटवरूनच घेतली होती. तीत दुसऱ्याच महाविद्यालयाचे नाव राहिल्याने ते शाईने खोडून देण्यात आले. त्याबाबत कोणाची चौकशी झाली नाही.

४) बैठकीत सोमारी म्हणाली, "मागच्या साली माह्या मनानं लिवलं त सारं खोडलं. औंदा नेटवरचं चांगलं मराठी आनलं, थेही नाई चालत. मंग कसं लिवाचं, मॅडम?" सर्व सदस्य अर्जदाराकडे पाहू लागले. इतिवृत्तात 'विद्यार्थिनीने कबुली दिली' एवढेच लिहिले गेले. त्यावरून परीक्षाबंदी ठरली व सर्वांनी सह्या केल्या. नंतर चहा आला, तो अर्जदाराने घेतला.

५) त्यानंतर अर्जदार वर्गात शिकवते, हजेरी घेते, मात्र मुलांच्या वह्या तपासावयास बसली की हात चालत नाही. काल ती सोमारीच्या गावी जाऊन आली. सोमारीची आई बायनाबाई म्हणाल्या, "थे मिर्ची तोडाले तेलंगणात गेली, बाई. कॉलेजनं काढलं त घरी बसून का करल? पेपर देता येत असन त सांगा, आताच फोन लावतो."

सबब गतवर्षीचाच प्रकल्प, भाषेत काडीचाही बदल न करता, स्वीकारून तिला परीक्षेस बसू द्यावे, ही विनंती.

अर्जदाराने बायनाबाईंना "फोन लावा" असे सांगितले आहे. सोमारी उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. परवानगी अद्याप मिळालेली नाही, हे त्या घरी कोणालाही माहीत नाही.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
प्रा. संघप्रिया
दि. ५ फेब्रुवारी २०२५

सोबत : गतवर्षीचा प्रकल्प, लाल शेऱ्यांसह.