विहीर आणि विहिरीवरचा दावा

मी, पेच्चियम्माळ, कै. सुडलैमुत्तु यांची पत्नी, वय अडुसष्ट, धंदा दुकान, राहणार करुवेलंकुळम, जिल्हा तिरुनेलवेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला दम लागतो, पण बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला घेतला आहे. तो कुठे ठेवला ते साक्षीदारांना माहीत आहे, मुलाला नाही. कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलणारे मात्र बरेच येऊन गेले. कोऱ्या जागेवर रेघा मारल्या आहेत, मागाहून कोणी भर घालू नये म्हणून.

राहतं घर मुलगा इसक्कीमुत्तु याला. तो कंपनीच्या गोदामात कारकून आहे, पण त्या रागाने मी घर काढून घेत नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांत ते आहेच, फुकट जाहिरात कशाला?

दुकान आणि सोडा भरायचं यंत्र सून वळ्ळी हिला. यंत्राचा पितळी नळ माझे यजमान रोज चिंचेने घासत. यंत्र बंद पडलं, ते गेले, तरी मी घासते. वळ्ळीने घासावा की नाही ते तिने ठरवावं.

दुकानातला लाल फ्रिज कंपनीचा. त्यात फक्त त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या अशी अट होती. कंपनीच्या मालावर बहिष्कार पडला तेव्हापासून मी तो बंद ठेवून त्यात डाळ आणि चिंच ठेवते. मुंग्या लागत नाहीत. तो कंपनीला परत करावा आणि पोच घ्यावी. पोच न घेता काहीही देऊ नये.

आता विहीर.

यजमान गोटी सोडा भरत, तो या विहिरीच्या पाण्याचा. गावाबाहेर कंपनीचा शीतपेयाचा कारखाना आला, त्यांनी खोल बोअर मारल्या आणि विहीर आटली. यजमानांनी दावा लावला. ते गेले त्या दिवशी विहिरीत तांब्या बुडेल एवढंही पाणी नव्हतं. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी टँकरने आलं. टँकरवर कंपनीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'गावाच्या सेवेत'. तेव्हापासून दावा मी चालवते.

पुढे व्यापारी संघाने बहिष्कार पुकारला. एक उन्हाळाभर कंपनीची बाटली कोणी हातात धरली नाही. कारखान्याची एक पाळी बंद झाली आणि भर उन्हाळ्यात विहिरीत पाणी चढलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून बहिष्काराने काही होत नाही असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

मग गुलाबाच्या वासाचा नवा सोडा आला, आमच्यासारख्याच गोटीच्या बाटलीत, आपली माती अशा अर्थाचं नाव घेऊन. संघाचे अध्यक्ष भाषणात तोच प्याले. मीही दुकानात ठेवला. आणि विहीर पुन्हा उतरायला लागली. लोक म्हणाले, ऊन फार आहे. मला संशय आला. कंपनीची एक बाटली खपत नाही, तर पाणी पितंय कोण? मी चष्मा लावून लेबल वाचलं. लेबलं वाचूनच मी अक्षरं शिकले आहे. तळाशी बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता होता, आमच्याच गावचा. बाटली अध्यक्षांपुढे ठेवली.

"अम्मा, चव तरी आपली आहे ना," ते म्हणाले.

"चव आपली, पाणीही आपलंच," मी म्हणाले.

बहिष्काराचा उपयोग झाला तो असा: कंपनीला नाव बदलावं लागलं.

आता त्यांचे साहेब सफरचंदं घेऊन माझी तब्येत विचारायला येतात. "अम्मा, खोकला कसा आहे?" मी म्हणते, "कोर्टाची तारीख विचारा. खोकल्याला तारीख नसते." माझ्या मागे मुलगा तडजोडीवर सही करेल याची ते वाट बघत आहेत. इसक्कीने मला तसं सांगितलंच.

"अम्मा, माझी बढती होईल. विहिरीत आता काय उरलंय?"

"मग कोरड्या विहिरीसाठी ते एवढी सफरचंदं का आणतात रे?"



म्हणून विहीर, तिच्याभोवतीची जागा आणि तिच्याबरोबर कोर्टातला दावा मी सगायमेरी हिला देते. ही गावातले दुसरे सोडावाले कै. अंतोणी पिच्चै यांची मुलगी. सोडावाल्यांची रीत अशी की बाटलीवर ज्याचं अक्षर, बाटली त्याची. आपल्या खोक्यात आली तर धुऊन परत द्यायची. कंपनीचा माणूस जुन्या बाटल्या गोळा करायला आला, तेव्हा त्याने आम्हाला सांगितलं की अंतोणींनी तुमच्या बाटल्या विकल्या. तिकडे आमचं नाव सांगितलं. दोन्ही घरांनी ते खरं मानलं आणि एकमेकांच्या बाटल्या त्याच्या हवाली केल्या. त्याने त्या फोडल्या. खरं काय ते पुढे कळलं, तरी सगायमेरी माझ्या दुकानावरून जाताना अजून मान फिरवते. बाटल्यांचा राग जिने एवढा जपला, ती सफरचंदांनी विरघळायची नाही. गावात माझ्याशी गोड न बोलणारी ती एकटीच आहे. माझा भरवसा तिच्यावर.

माझ्या मयताला बाटलीतलं काही वाटू नये, ताक द्यावं. मला अंघोळ विहिरीच्या पाण्याने घालावी. पाणी नसेल तर तसंच न्यावं. टँकर दारात आणू नये.

सगायमेरीला मी काल घरी बोलावून हे सांगितलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुमच्या विहिरीत मी थुंकणारसुद्धा नाही," ती म्हणाली.

"नको थुंकूस. सही तेवढी करू नकोस."

 परत जाताना ती घराच्या मागच्या बाजूने गेली आणि विहिरीत वाकून बराच वेळ बघत होती.

हे सर्व मी लिहून, पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. दोघांनाही यातलं काहीच मिळत नाही, म्हणून निवडले.

सही: पेच्चियम्माळ

साक्षीदार: उलगनाथन, निवृत्त पोस्टमास्तर
साक्षीदार: मैदीन, शिंपी

करुवेलंकुळम, १४ जून २०१९