भामट्यांची उत्तरपत्रिका

३ मार्च
ही घरी पडदे शिवून ऑनलाइन विकते. त्याचे पैसे ज्या पेमेंट कंपनीत जमतात, तिच्या नावाने ईमेल आला. खातं बंद होणार, लगेच लिंक दाबा. बनावट! एका नजरेत ओळखला. तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्यात. हिला म्हटलं, नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले तुझे पैसे माझ्या हाती सुरक्षित आहेत. ती म्हणाली, मग डिलीट करा. पण चूक दिसूनही शेरा मारला नाही तर मास्तर कसला? भामट्यांना कळवलं: 'प्रिय ग्राहक' काय? खरी कंपनी नावाने लिहिते. (उदाहरणादाखल हिचं पूर्ण नाव दिलं.) पाठवणाऱ्याचा पत्ताही भलताच. दहापैकी तीन.

४ मार्च
भामट्यांचं उत्तर: आभारी आहोत, सर. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी सर म्हटलं. बरं वाटलं.

७ मार्च
नवा ईमेल. सुरुवात हिच्या नावाने. पत्ता जवळपास बरोबर. मुलं मेहनती आहेत. पण चोवीस तासांची धमकी कशाला? कळवलं, शांतपणे लिहा, काळजी दाखवा. सहा गुण. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, चोरांची शिकवणी घेताय का? म्हटलं, धाक बसवतोय. तिला शिक्षणातलं काही कळत नाही.

११ मार्च
हिने अक्षरशः हात जोडले. संकल्प: उत्तरं देणं बंद. उद्यापासून.

१५ मार्च, सकाळ
आज कंपनीचा खरा ईमेल आला. हिचं नाव, चोख पत्ता, शांत भाषा: 'आपल्या खात्यात कोणी शिरू पाहतंय, कृपया खातरजमा करा.' ही म्हणाली, आधी कंपनीला फोन करू. म्हटलं, मग मी कशाला आहे? चूक शोधून सापडेना. दहापैकी दहा. उभ्या नोकरीत कोणाला दिले नव्हते. लिंक उघडली, पासवर्ड घातला, हिच्याकडून ओटीपी मागून घेतला. खातं सुरक्षित.

दुपार
खात्यात शून्य. सर्व्हरचा घोळ असणार.

१६ मार्च
घोळ सर्व्हरचा नव्हता. हिचं मशीन गेलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. जुन्याच मशीनवर पाय मारतेय. मला फार वाईट वाटतंय.

कंपनीला तक्रार तिनेच लिहिली. म्हटलं, आण, तपासून देतो.

नको म्हणाली.