मोठ्या माशाचे डबे

ता. ६ मार्च

ती. बाबांस टिटवीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

खोकं मिळालं असेल. सगळे मोठ्या माशाचे डबे आहेत, नेहमीप्रमाणे. मला मुकादम होऊन वर्ष उलटलं, तरी महिनाअखेरीला कारखान्यात पोचे आलेले डबे आम्हाला वाटतात तेव्हा रांगेत पहिली उभी राहताना अजून मान ताठ होते. इतकी वर्षं माझी पाळी येईतो टेबलावर बारीक मासळीच उरायची. आता ती मागच्या बायका नेतात. थोडं मिरवू द्या मला. पोचा अंगाला असेल तेच डबे घेते, कडेला असेल तर डबा टाकून द्यायचा असतो, तेव्हा ती काळजी नको.

आई गेल्यापासून तुम्ही चहापावावर दिवस ढकलत होतात, हे खालच्या औषधवाल्या काकांनी कळवलं तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. घड्याळं दुरुस्त करता करता निदान डबा तरी उघडता येतो. अर्धे काकांना देत जा, एकटे खाऊन कंटाळाल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची टिटवी

ता. १९ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

मुकादमीणबाईंचं खोकं पोचलं. मासा फक्कड. औषधवाल्यालाही दिला, तो तुझं तोंडभरून कौतुक करत होता.

दुकानात हल्ली एक गंमतच झाली आहे. चिमट्यात स्क्रू आहे की नाही ते बोटांना कळेनासं झालंय. परवा एक खाली पडला आणि मी अर्धी सकाळ फरशीवर रांगत होतो. गिऱ्हाईक आलं, त्याला वाटलं दुकानात कोणीच नाही. तो हाका मारतोय आणि मी टेबलाखालून ओ देतोय. बोटांना मुंग्या येतात, ओठांनाही येतात. चष्मा बदलला, दिवा बदलला, फरक नाही. वय झालं, दुसरं काय. कोमट पाण्यात हात धरून बसतो.

तू वेळेवर झोपत जा. इकडची आठवण काढतेस, तशीच काढत राहा.

तुझे बाबा

ता. २८ मार्च

ती. बाबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचत होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली बाई शेजारी होती, तिला टेबलाखालची गंमत वाचून दाखवली. ती हसली नाही. वडील मासा किती खातात, असं तिने विचारलं. मी म्हटलं, महिन्याला एक खोकं, तेही अर्धं वाटून. कोणता मासा, असं विचारलं, तेव्हा मी मोठ्या दिमाखात सांगितलं.

बाबा, ती म्हणाली, समुद्रात पारा असतो. बारीक माशात तो थोडाच उतरतो. मोठा मासा जन्मभर दुसऱ्या माशांवर जगतो, आणि त्या सगळ्यांचा पारा त्याच्या अंगात साठत जातो. असा मासा रोज खाल्ला तर तो पारा माणसात उतरतो, आणि बोटांना, ओठांना अशाच मुंग्या येतात. डब्यात काही खोट नसते. हा मासा आठवड्यातून एखाद्या वेळी खाल्ला तर चालतो, बारीक मासा दोन-तीनदा खाल्ला तरी बिघडत नाही. रोज खायचा मासा हा नव्हे. ज्या बायकांना मी रांगेत मागे टाकलं, त्याच चांगला मासा घरी नेत होत्या.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं सांगा, किती खाता? रक्त तपासून घ्या. तोवर एकही डबा उघडू नका.

रागावलात तरी चालेल, पण कळवा.

तुमची टिटवी

ता. २० एप्रिल

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

रक्त तपासलं. पारा फार निघाला.

मी दिवसाला दोन डबे खात होतो. औषधवाल्याला एकही दिला नाही. तू एवढ्या हौसेने निवडून पाठवलेलं दुसऱ्याच्या घशात घालवेना. त्याने मला थंडीतच हटकलं होतं, हा मासा रोज खाऊ नका म्हणून. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुला लिहिलं असतं तर तू पाठवायची थांबली असतीस.

आणखी एक सांगतो. मला मासा आवडत नाही. तू लहानपणी तोंड फिरवायचीस, म्हणून तुझ्यासमोर मी मिटक्या मारत खायचो. आईने शिकवलेलं नाटक ते. ते कधी थांबवायचं, हे आम्हाला सुचलंच नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं घड्याळ दुरुस्तीला उघडलं होतं, ते मला पुन्हा जुळवता आलं नाही. सुटे भाग वाटीत घालून त्यांना परत दिले. त्या उलट माझीच चौकशी करून गेल्या. त्या दिवसापासून दुकान उघडलेलं नाही. पारा थंडीपर्यंत उतरेल म्हणतात. बोटांचं विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

मनाला लावून घेऊ नकोस. माझा जीव तुझ्यात तसाच आहे.

तुझे बाबा

ता. २ मे

ती. बाबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

कसं लावून घेऊ नको? तुमच्या हातांवर आपलं घर चाललं, मी शिकले, आणि ते हात मी माझ्या हाताने निवडून निवडून घालवले. तुम्ही काहीही लिहिलंत तरी मला असंच वाटत राहणार.

परवा रांगेत पहिलं मला बोलावलं. मी बाजूला झाले. मागच्या बाईने मोठा मासा उचलला, तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमच्या घरात खाणारी तोंडं इतकी, की एकाच्या वाट्याला घासभरच येतो. तुमच्या वाट्याला सगळंच आलं, बाबा.

नोकरी सोडून यावं तर दोघांनी खायचं काय? इथे दुसरं काम नाही. रोज त्याच माशाचे डबे माझ्या हाताखालून जातात.

काय पाठवू तुम्हाला? सुचत नाही. तुमचा लोभ मागायचीही लाज वाटते.

टिटवी

ता. १५ मे

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं झालंय, हसू नकोस. डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं. पारा जाईल, पण बोटं अशीच राहतील. हत्यारं औषधवाल्याने पेटीत भरली, मी नुसता बघत होतो.

तरी खोकं पाठव. बारीक मासा पाठव, आठवड्याला एक डबा, तेवढा चालतो असं डॉक्टरांनीच सांगितलं. आवडत नाही तरी खाईन. टपालवाला वर आला की त्या दिवशी घरात कोणीतरी आल्यासारखं होतं, ते बंद करू नकोस.

तू खोक्याला सुतळीची गाठ आईसारखीच मारतेस. ती मी कधी कापली नाही, बसून सोडवायचो. मागच्या खोक्याची गाठ मला सापडली, पण सुटली नाही. या वेळी नुसती चिकटपट्टी लाव.

लाज कसली, लोभ तुझाच आहे.

तुझे बाबा